हलत्या चित्राचे वजन

(नाशिकमधील द्वारका परिसरातील स्मृतिव्याख्यानमालेसाठी तयार केलेल्या व्याख्यानाची मुद्रित संहिता)

१. विषयाची मांडणी

मोबाइलच्या पडद्यावर दोन-चार सेकंद हलणारे, संपताच पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारे आणि आवाज नसलेले लहानसे चित्र ही आज मराठी समाजाच्या नित्य व्यवहारातील वस्तू झाली आहे. सणाच्या शुभेच्छांतील लुकलुकणारी पणती, भूमितीचे प्रमेय पायरीपायरीने उलगडणारी आकृती, ढगांची वाटचाल दाखवणारा उपग्रहीय नकाशा, यंत्राचा एखादा भाग कसा फिरतो हे समजावणारे रेखाचित्र आणि संभाषणात शब्दांच्या जागी पाठवला जाणारा हलता स्टिकर हे सर्व एकाच कुळातले आहेत. ही चित्रे क्षणभर पाहून पुढे ढकलली जातात, आणि त्यामुळे ती कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवली गेली आहेत, ती साठवताना त्यांतील काय काढून टाकले गेले आणि तो निर्णय कोणी घेतला, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हेच प्रश्न आहेत, आणि त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे, की फाइलचे संकोचन, म्हणजे तिचे आकारमान कमी करण्याची क्रिया, ही केवळ यंत्रावर सोपवण्याची बाब नसून पाहणाऱ्याने काय गमावावे याची ती निवड असते. म्हणून ती चित्राचा स्वभाव ओळखून, जाणीवपूर्वक आणि मूळ प्रत सुरक्षित ठेवूनच केली पाहिजे.

संकोचनाची गरज किती मोठी आहे हे साध्या गुणाकाराने स्पष्ट होते. अंकीय चित्र पिक्सेलांचे, म्हणजे एकेका रंगाच्या सूक्ष्म चौरसांचे, बनलेले असते आणि प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा व निळा या तीन घटकांच्या प्रमाणाने सांगितला जातो. प्रत्येक घटकाला एक बाइट, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक अंक, दिला तर एका पिक्सेलला तीन बाइट लागतात. ४८० पिक्सेल रुंद आणि २७० पिक्सेल उंच अशा चित्रात १,२९,६०० पिक्सेल असल्यामुळे त्याची एक फ्रेम ३,८८,८०० बाइटांची होते, आणि सेकंदाला १५ फ्रेम या वेगाने चार सेकंदांचे चित्र करायचे तर ६० फ्रेमांसाठी २,३३,२८,००० बाइट, म्हणजे सुमारे २३ मेगाबाइट, खर्ची पडतात. तळहातावर मावणाऱ्या, आवाज नसलेल्या चार सेकंदांसाठी हा भार कोणत्याही जोडणीला जड आहे. पुढे येणारे सर्व फाइलप्रकार म्हणजे हा भार हलका करण्याची वेगवेगळी उत्तरे होत, आणि प्रत्येक उत्तराला त्याची स्वतःची किंमत आहे.

२. फाळक्यांची दोन विद्यापीठे : ठसा आणि फ्रेम

या विषयाचा विचार नाशिकमध्ये करताना धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे नाव प्रथम यावे, याचे कारण केवळ स्थानिक अभिमान हे नाही. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये निवर्तलेल्या फाळक्यांच्या आयुष्यात प्रतिमेच्या काटकसरीचे दोन मूलभूत प्रश्न एकापाठोपाठ एक उभे राहिले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार आणि मुद्रक होते. तीनरंगी ठसे तयार करण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली होती आणि रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले होते. हाफटोन ठशाचे तत्त्व असे, की छापखान्याला करड्या रंगाच्या असंख्य छटा छापता येत नाहीत, त्याच्यापाशी फक्त काळी शाई आणि पांढरा कागद असतो. म्हणून छायाचित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांच्या जाळीत रूपांतर करायचे, गडद भागात ठिपके मोठे ठेवायचे, उजळ भागात लहान ठेवायचे आणि दोहोंचे मिश्रण वाचकाच्या डोळ्यावर सोपवायचे. तीनरंगी छपाईत हीच जाळी पिवळा, तांबडा आणि निळा अशा तीन शायांसाठी तीनदा वापरली जाते. मर्यादित रंगांतून अमर्याद रंगांचा भास निर्माण करण्याचा हा प्रश्न आठ दशकांनंतर संगणकाच्या पडद्यावर जसाच्या तसा परत आला.

दुसरा प्रश्न गतीचा होता. चित्रपटनिर्मितीसाठी भांडवल उभे करताना आपले कौशल्य पटवून देण्याकरिता फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतील रोपाच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले आणि 'अंकुराची वाढ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या लघुपटात अनेक दिवसांची वाढ पडद्यावरच्या अल्प काळात दाखवली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, त्यानंतर त्याच वर्षी त्यांनी आपला कारभार नाशिकला हलवला, आणि १९१५ च्या 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यांना जरासे सरकवून दर वेळी एक फ्रेम टिपण्याच्या पद्धतीने निर्जीव वस्तूंना गती दिली. या दोन्ही लघुपटांत कॅमेरा एका जागी स्थिर आहे, पार्श्वभूमी बदलत नाही आणि एका फ्रेमकडून दुसरीकडे जाताना फारच थोडे बदलते. पुढे सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर पात्रे रंगवून ती एकाच स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची रीत रूढ झाली, तिचे तत्त्वही हेच होते: जे बदलत नाही ते पुन्हा काढू नये. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३४ च्या 'जंबूकाका' या बोलक्या रेखाचित्रांच्या लघुपटापासून मराठी भूमीवरही चित्राच्या या कष्टाळू कलेचा इतिहास सुरू होतो.

ठशातून आलेला रंगांचा प्रश्न आणि फ्रेममधून आलेला गतीचा प्रश्न हे दोन धागे हाती धरले, तर आजच्या फाइलप्रकारांचा गुंता बऱ्याच अंशी सुटतो.

३. जीआयएफ : २५६ रंगांची मर्यादा

हलत्या चित्राच्या फाइलप्रकारांत सर्वाधिक परिचित असलेला जीआयएफ हा प्रकार अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि जून १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या मंदगती जोडणीवर रंगीत चित्र पोहोचवणे हा त्याचा हेतू होता. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत पारदर्शकता आणि दोन फ्रेमांमधील थांबण्याचा काळ नोंदवण्याची सोय आली, आणि नेटस्केप या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीने १९९५-९६ च्या सुमारास चित्र पुन्हा पुन्हा फिरवण्याची सूचना त्यात जोडल्यावर जीआयएफला आजचे अखंड फिरणारे रूप मिळाले.

जीआयएफची पहिली काटकसर रंगांची आहे. तीन बाइटांनी १,६७,७७,२१६ रंग सांगता येतात. जीआयएफ एका फ्रेमसाठी त्यांतले जास्तीत जास्त २५६ निवडतो, त्यांची एक यादी फाइलमध्ये ठेवतो आणि प्रत्येक पिक्सेलसाठी रंगाऐवजी यादीतील क्रमांक लिहितो. क्रमांकाला एकच बाइट पुरत असल्याने वरच्या उदाहरणातील २३ मेगाबाइट या पहिल्याच पायरीवर ७७,७६,००० बाइटांवर येतात. दुसरी काटकसर पुनरावृत्तीची आहे. इस्रायलमधील तेक्निऑन संस्थेचे जेकब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या आणि टेरी वेल्च यांनी १९८४ मध्ये सुधारलेल्या एलझेडडब्ल्यू या पद्धतीने क्रमांकांच्या ओळीतील पुन्हा पुन्हा येणाऱ्या मालिका शोधून त्यांना एकेक छोटा संकेत दिला जातो, जसे भजनांच्या पुस्तकात ध्रुपद एकदा पूर्ण छापून पुढच्या प्रत्येक कडव्यानंतर फक्त 'धृ.' एवढीच खूण केली जाते. या दुसऱ्या पायरीत काहीही गमावले जात नाही, कारण संकेतांवरून मूळ ओळ तंतोतंत परत मिळते. अशा संकोचनाला हानिरहित म्हणतात. पहिल्या पायरीत मात्र हानी आहे, कारण यादीबाहेर राहिलेले रंग परत मिळत नाहीत.

यावरून जीआयएफ कोणत्या चित्राला मानवतो हेही कळते. सपाट रंगांचे बोधचिन्ह, आलेख, भूमितीची आकृती किंवा वारली शैलीतील दोन-तीन रंगांचे चित्र यांत रंग थोडे आणि पुनरावृत्ती भरपूर असल्यामुळे ते जीआयएफमध्ये लहानही होते आणि स्वच्छही राहते. गोदाकाठच्या सायंकाळच्या आकाशात मात्र केशरी ते जांभळ्यापर्यंतच्या हजारो सलग छटा असतात. त्या २५६ मध्ये बसवताना आकाशात पट्टे उमटतात आणि जिथे छटा हळूहळू बदलायला हवी तिथे पायऱ्या दिसू लागतात.

४. ठिपक्यांचा उपाय आणि त्याची किंमत

हे पट्टे लपवण्यासाठी संगणकाने हाफटोनचीच युक्ती वापरली. उपलब्ध रंगांचे पिक्सेल एकमेकांत मिसळून मधल्या रंगाचा आभास निर्माण करण्याच्या या क्रियेला डिथरिंग म्हणतात, आणि तिच्या दोन मुख्य रीती आहेत. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत एका पिक्सेलच्या रंगात झालेली चूक शेजारच्या, अद्याप न रंगवलेल्या पिक्सेलांमध्ये वाटून टाकली जाते. त्यामुळे ठिपके नैसर्गिकपणे विखुरतात आणि स्थिर चित्र फार सुंदर दिसते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या १९७३ च्या रीतीत ठरावीक नमुन्याची जाळी चित्रावर टाकली जाते, आणि ती थोडी यांत्रिक दिसते.

हलत्या चित्रात मात्र या दोघींच्या गुणदोषांची अदलाबदल होते. चूक वाटत जाणाऱ्या रीतीत चित्राच्या एका कोपऱ्यात थोडासा बदल झाला तरी त्याचे पडसाद पुढच्या ओळींपर्यंत पोहोचतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये ठिपक्यांची रचना वेगळी होते, स्थिर असलेली भिंतसुद्धा मुंग्या चालल्यासारखी वळवळू लागते, आणि पुनरावृत्ती नाहीशी झाल्याने एलझेडडब्ल्यूला पकडण्यासारखे काही उरत नाही. ठरावीक जाळीच्या रीतीत रंग न बदललेल्या भागातील ठिपके फ्रेमागणिक जागच्या जागी राहतात आणि नमुना पुन्हा पुन्हा येत असल्याने फाइलही लहान होते. स्थिर चित्राला जे सर्वोत्तम ते हलत्या चित्राला सर्वोत्तम असतेच असे नाही, हा या विषयातील एक महत्त्वाचा धडा आहे, आणि पट्टे, ठिपके व वजन या तिघांना एकाच वेळी कमी करता येत नाही, हा त्याच्या पाठोपाठचा दुसरा.

वेळेच्या बाबतीतही जीआयएफला मर्यादा आहेत. त्यात थांबण्याचा काळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो, म्हणून सेकंदाला नेमक्या ३० किंवा ६० फ्रेम त्याला सांगता येत नाहीत, आणि फार कमी काळ लिहिला तर ब्राउझर तो जुन्या प्रथेनुसार दहा शतांश सेकंद धरून चित्र उलट संथ करतात. त्याची पारदर्शकताही होय किंवा नाही एवढीच असते. अर्धपारदर्शक कडा त्याला ठाऊक नाही, म्हणून गोल आकाराच्या चित्राभोवती दातेरी पांढरी किनार दिसते.

५. फ्रेमांमधील फरक : द्वारका चौकाचे उदाहरण

गतीच्या काटकसरीचे तत्त्व समजण्यासाठी मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे एकत्र येतात त्या द्वारका चौकाचे चार सेकंदांचे चित्रण कल्पावे. कॅमेरा तिपाईवर स्थिर असेल तर उड्डाणपुलाचे खांब, दुकानांच्या पाट्या आणि आकाश प्रत्येक फ्रेममध्ये तेच राहते, फक्त वाहने व माणसे जागा बदलतात. जीआयएफमध्ये पहिली फ्रेम पूर्ण साठवून पुढच्या फ्रेमांत केवळ बदललेला आयताकृती भाग ठेवता येतो आणि त्या आयतातही न बदललेले पिक्सेल पारदर्शक ठेवून खालचे चित्र तसेच दिसू देता येते. पण या आयताच्या एका टोकाला बस आणि दुसऱ्या टोकाला रिक्षा असेल, तर मधला सारा रस्ता आयतात येतो आणि बचत आटते.

तेच चित्रण हातात मोबाइल धरून चौकाभोवती फिरवत केले, तर प्रत्येक पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये बदलतो आणि जीआयएफची ही युक्ती पूर्णपणे निष्फळ ठरते. वास्तविक अशा चित्रात नवे फारसे काही नसते, जुनेच दृश्य थोडे डावीकडे सरकलेले असते. परंतु 'हा भाग इतका सरकला' असे सांगण्याची भाषाच जीआयएफपाशी नाही. ही भाषा व्हिडिओच्या संकोचनाकडे आहे. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीत चित्राचे १६×१६ पिक्सेलांचे ठोकळे पाडले जातात, प्रत्येक ठोकळा आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममध्ये कुठे होता हे शोधले जाते, आणि सरकण्याचे अंतर व उरलेला किरकोळ फरक एवढेच साठवले जाते. छायाचित्रासारख्या हलत्या दृश्यासाठी जीआयएफ मोठा आणि व्हिडिओ लहान का होतो, याचे मुख्य कारण हेच आहे.

हा फरक ओळखून मोठ्या सेवांनी जीआयएफचे नाव ठेवून त्याचा आत्मा बदलला. ट्विटरने २०१४ पासून सदस्यांनी चढवलेल्या जीआयएफ फाइलींचे एमपी४ व्हिडिओत रूपांतर करण्यास सुरुवात केली, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'जीआयएफ' म्हणून पोहोचणारी वस्तूही प्रत्यक्षात आवाज नसलेला छोटा व्हिडिओच असते. २०१६ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडवरील ब्राउझरांनी आवाज बंद असलेला व्हिडिओ पानाच्या आतच आपोआप चालू देण्यास मान्यता दिल्यावर संकेतस्थळांनाही हा मार्ग खुला झाला.

६. पेटंटचा अडथळा आणि एपीएनजी

फाइलप्रकारांच्या इतिहासात केवळ गणित नाही, मालकीचाही प्रश्न आहे. एलझेडडब्ल्यू पद्धतीवर अमेरिकेत युनिसिस कंपनीचे पेटंट होते, आणि १९९४ च्या डिसेंबरअखेर तिच्या वापरासाठी शुल्क मागितले जाणार असल्याचे जाहीर झाल्यावर संगणकक्षेत्रात मोठी अस्वस्थता पसरली. या अस्वस्थतेतून स्वयंसेवी तंत्रज्ञांनी पेटंटमुक्त असा पीएनजी हा प्रकार रचला आणि १ ऑक्टोबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याला शिफारस म्हणून मान्यता दिली. त्यात पूर्ण रंग आणि अर्धपारदर्शकता होती, परंतु एका फाइलमध्ये एकच चित्र असावे असे ठरवल्यामुळे गती नव्हती. गतीसाठी आखलेला एमएनजी हा स्वतंत्र प्रकार इतका गुंतागुंतीचा झाला की तो कधी रुजला नाही. अमेरिकेतील एलझेडडब्ल्यूचे पेटंट जून २००३ मध्ये संपले, आणि जीआयएफ मुक्त झाला तो नेमका अशा वेळी, जेव्हा त्याची जागा घेणारा सर्वमान्य पर्याय उभा राहिलेला नव्हता.

२००४ मध्ये मोझिलाशी संबंधित स्टुअर्ट पार्मेंटर आणि व्लादिमिर वुकिचेविच यांनी पीएनजीमध्येच फ्रेमांची भर घालणारा एपीएनजी सुचवला. त्याचे शहाणपण असे, की जुन्या ब्राउझरला पुढच्या फ्रेमा कळल्या नाहीत तरी पहिली फ्रेम साधे स्थिर चित्र म्हणून दिसते. पीएनजीच्या मूळ गटाने २००७ मध्ये मतदानाने हा प्रस्ताव नाकारला, तरीही फायरफॉक्सने २००८ मध्ये, सफारीने २०१४ मध्ये आणि क्रोमने २०१७ मध्ये तो स्वीकारला, आणि अखेर जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीएनजीच्या तिसऱ्या अधिकृत आवृत्तीत त्याला स्थान मिळाले. एपीएनजीमध्ये संकोचनाने काहीही गमावले जात नाही, म्हणून आकृत्या, नकाशे आणि मऊ कडांची चिन्हे यांसाठी तो उत्तम आहे. पण द्वारका चौकासारख्या छायाचित्रणात्मक दृश्याचा एकही कण न सोडण्याचा त्याचा आग्रह फाइलला अवजड करतो.

७. जाणूनबुजून सोडून देणे : वेबपी आणि एव्हीआयएफ

जिथे सर्व काही राखणे परवडत नाही, तिथे डोळ्याला कमी जाणवणारे आधी सोडावे, हे हानिसह संकोचनाचे सूत्र आहे. त्याचा गणिती पाया बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद, तसेच टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या रीतीत आहे. तिच्याद्वारे चित्राच्या लहान ठोकळ्याचे मंद आणि जलद चढउतारांत पृथक्करण होते, आणि मानवी डोळा जलद चढउतारांतील चूक सहज माफ करत असल्यामुळे ते ढोबळ करून लिहिले जातात. दुसरी सवलत रंगाची आहे: डोळा उजेड-अंधाराचा तपशील बारकाईने पाहतो, पण रंगाचा तपशील तितक्या बारकाईने पाहत नाही, म्हणून बहुतेक व्हिडिओंत रंगाची माहिती उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाईने, म्हणजे चार पिक्सेलांमागे एकदाच, ठेवली जाते.

गुगलने सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर केलेला वेबपी हा प्रकार व्हीपी८ या व्हिडिओ पद्धतीच्या स्थिर फ्रेमवर उभा आहे. पुढे त्यात हानिरहित संकोचन, अर्धपारदर्शकता आणि गती आली. एकाच हलत्या चित्रात काही फ्रेमा हानिरहित आणि काही हानिसह ठेवण्याचीही मुभा त्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे हलते स्टिकर याच प्रकारात असतात, त्यांचा आकार ५१२×५१२ पिक्सेल आणि वजन ५०० किलोबाइटांच्या आत असावे लागते. तथापि वेबपीची प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे संकोचली जाते, ठोकळ्यांच्या सरकण्याचा शोध त्यात नाही. म्हणून फिरत्या कॅमेऱ्याच्या दृश्यात तो व्हिडिओच्या मागे पडतो. पारदर्शक पार्श्वभूमी हवी असलेल्या लहान स्टिकरसाठी मात्र तो सोयीचा आहे, कारण एच.२६४ च्या नेहमीच्या वापरात पारदर्शकतेला जागा नाही.

२०१८ मध्ये पूर्ण झालेल्या एव्ही१ या शुल्कमुक्त व्हिडिओ पद्धतीवर आधारलेला एव्हीआयएफ २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्रेमांमधील सरकण्याचा शोध आहे, पारदर्शकता आहे, आणि हवे तर पूर्ण बारकाईचे रंगही ठेवता येतात. म्हणजे जीआयएफच्या सोयी आणि व्हिडिओची काटकसर तो एकत्र आणतो. त्याची किंमत श्रमाच्या रूपात मोजावी लागते, कारण एव्ही१ मध्ये चित्र बसवण्यासाठी संगणकाला जुन्या पद्धतींपेक्षा बराच अधिक वेळ लागतो आणि साध्या मोबाइलला ते उलगडतानाही अधिक बॅटरी खर्चावी लागते. स्वीकारालाही वेळ लागतो: फायरफॉक्सने स्थिर एव्हीआयएफ २०२१ मध्ये दाखवायला सुरुवात केली, पण त्याच्या हलत्या रूपासाठी २०२३ उजाडले. दरम्यान सर्वत्र उघडणारा म्हणून जीआयएफ टिकून राहिला, आणि सार्वत्रिकता हाही फाइलप्रकाराचा एक गुणच मानला पाहिजे.

वजनाचा विचार केवळ वाहतुकीपुरता नसतो हेही येथे नोंदवले पाहिजे. पडद्यावर दाखवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पुन्हा पूर्ण रूपात उलगडावी लागते, आणि पारदर्शकतेसह पिक्सेलला चार बाइट धरले तर वरच्या उदाहरणातील ६० फ्रेमा स्मृतीत एकत्र ठेवण्यासाठी ३,११,०४,००० बाइट लागतात, मग मूळ फाइल कितीही लहान असो. एच.२६४ उलगडणारे स्वतंत्र यंत्रांग आज बहुतेक मोबाइलांत असते, म्हणून व्हिडिओ तुलनेने हलकेपणाने चालतो; एकाच पानावर वीस जीआयएफ ठेवले तर मात्र सारा भार मुख्य संस्कारकावर पडतो.

८. देवनागरीचा प्रश्न

हे सारे निकष जगभर छायाचित्रांच्या आणि रोमन अक्षरांच्या अनुभवावर ठरले, पण मराठीतील हलत्या चित्रांत अक्षरे बहुधा असतातच, आणि देवनागरी अक्षराची ठेवण संकोचनाची कठोर परीक्षा घेते. शिरोरेषेसारखी लांब, तीक्ष्ण आडवी रेघ, वेलांटीचे बारीक वळण, रफार, अनुस्वाराचा एकच ठिपका आणि जोडाक्षरातील दाटी हे सारे त्या जलद चढउतारांतच मोडते जे हानिसह पद्धत सर्वप्रथम ढोबळ करते. परिणामी अक्षरांभोवती धुरकट कण उमटतात आणि लहान आकारात मात्रा व अनुस्वार पार्श्वभूमीत विरतात. रंगांच्या निम्म्या बारकाईचा फटकाही येथेच बसतो: उजेडात फारसा फरक नसलेल्या पण रंगाने भिन्न अशा जोड्या, उदाहरणार्थ हिरव्यावर लाल अक्षरे, कडांवर एकमेकांत कालवल्या जातात, तर गडद पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरे बरीच शाबूत राहतात.

म्हणून शुभेच्छाचित्र, पाठ्यसाहित्य किंवा जाहीर सूचना तयार करणाऱ्यांसाठी काही नियम सांगता येतात. मजकूर महत्त्वाचा असेल तर हानिरहित एपीएनजी किंवा हानिरहित वेबपी निवडावा आणि रंग मोजकेच ठेवावेत. व्हिडिओ अपरिहार्य असेल तर अक्षरे ठळक आणि मोठी घ्यावीत, अक्षर व पार्श्वभूमी यांच्यात उजेडाचे अंतर ठेवावे, आणि संकेतस्थळावर शक्य असेल तिथे मजकूर चित्राचा भाग न करता पानावर खऱ्या अक्षरांत लिहावा, म्हणजे तो शोधताही येतो आणि दृष्टिहीनांच्या वाचनयंत्राला वाचताही येतो. एका सेवेतून उतरवून दुसरीत पुन्हा चढवलेले चित्र बहुधा पुन्हा संकोचले जाते, आणि हानीवर हानी साठत जाऊन मूळ अक्षर अखेरीस ओळखू येईनासे होते. पंचांगातील तिथी, औषधाची मात्रा किंवा परीक्षेची तारीख अशा चित्रातून वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही केवळ सौंदर्याची बाब उरत नाही.

९. पाहणाऱ्याचा अधिकार

फाइलप्रकाराच्या निवडीत पाहणाऱ्याच्या सोयीलाही स्थान हवे. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार इतर मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ हलत राहणारी गोष्ट थांबवण्याची सोय असली पाहिजे, आणि कोणतीही गोष्ट सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखू नये, कारण अशा लखलखाटाने काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. जीआयएफला स्वतःचे थांबण्याचे बटण नाही, व्हिडिओला आहे; आणि हालचाल कमी हवी अशी इच्छा वापरकर्त्याने आपल्या उपकरणात नोंदवली असेल, तर संकेतस्थळाला ती वाचून त्याच चित्राची स्थिर प्रत देता येते. पानाच्या रचनेतच एका चित्राच्या अनेक प्रती क्रमाने ठेवण्याचीही सोय आहे, ज्यामुळे एव्हीआयएफ समजणाऱ्या ब्राउझरला तो, न समजणाऱ्याला वेबपी आणि अगदी जुन्याला जीआयएफ मिळतो. गाव, घाट आणि गर्दी यांत जोडणीचा वेग सारखा नसतो. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे लाखो माणसे एकाच वेळी तेच मोबाइल मनोरे वापरत असतात, आणि वाहतुकीची किंवा सुरक्षेची सूचना देणारे हलते चित्र काही मेगाबाइटांऐवजी काही किलोबाइटांत बसवणे हे तिथे लोकसेवेचे काम ठरते.

१०. मूळ प्रतीचे मोल

आतापर्यंतच्या विवेचनातून फाइलप्रकारांची श्रेणी लावून एकाला विजयी ठरवता येत नाही. सपाट रंगांच्या छोट्या आकृतीला जीआयएफ अजूनही पुरतो. मऊ कडा आणि अचूक अक्षरे हवीत तिथे एपीएनजी किंवा हानिरहित वेबपी योग्य असतो. स्टिकरला वेबपी सोयीचा असतो. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्याला व्हिडिओ किंवा एव्हीआयएफच न्याय देतो. निवड करणाऱ्याने चित्रात रंग किती आहेत, काय स्थिर आहे, काय सरकते, अक्षरे आहेत का आणि पाहणाऱ्याच्या हाती कोणते उपकरण आहे, एवढे पाच प्रश्न विचारले तर बहुतेक वेळा उत्तर समोर येते.

या पाच प्रश्नांच्या आधी मात्र एक कर्तव्य आहे, आणि ते फाळक्यांच्या वारशातूनच शिकावे लागते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेमा बसतात. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता असे धरले, तर त्यात ५९,२०० फ्रेमा होत्या, आणि त्यांतील प्रत्येक रासायनिक द्रावणातून काढून हाताळली गेली होती. त्या चित्रपटाचा आज काही भागच उपलब्ध आहे, आणि नाशिकमध्ये घडलेल्या मूकपटांपैकी बहुसंख्य मूळ प्रतींसह कायमचे नाहीसे झाले आहेत. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर त्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मांवर काळाने आपले काम केलेले होते. अंकीय प्रतिमेला बुरशी लागत नाही, पण तिचाही नाश होतो, आणि तो शांतपणे होतो: चित्रकार मूळ फ्रेमा पुसून फक्त संकोचलेली जीआयएफ ठेवतो, संस्था जुने संकेतस्थळ बंद करताना व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेली प्रत संग्रहात टाकते, शिक्षक अनेक संध्याकाळी खर्चून केलेल्या आकृतीची हानिसह प्रत तेवढी बाळगतो. हानिसह प्रतीतून उद्याच्या चांगल्या फाइलप्रकारासाठी नवी प्रत काढता येत नाही, कारण जे टाकून दिले ते तिथे नसतेच. हानिरहित मूळ हाती असेल तर आज जीआयएफ, उद्या एव्हीआयएफ आणि परवा अद्याप न शोधलेला एखादा प्रकार, अशा कितीही प्रती काढता येतात.

म्हणून मराठीत हलती चित्रे घडवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कलाकार असो, शाळा असो, ग्रंथालय असो की नगरपालिकेचे प्रसिद्धी कार्यालय, सर्व फ्रेमा हानिरहित पीएनजीच्या स्वरूपात, त्यांचा वेग आणि निर्मितीची तारीख यांच्या नोंदीसह, निदान दोन वेगळ्या ठिकाणी जतन कराव्यात आणि संकोचन फक्त वाटपाच्या प्रतीवर करावे. साठवणीचा खर्च आज पूर्वीच्या मानाने अल्प आहे, तर हरवलेल्या फ्रेमची भरपाई कोणत्याही किमतीला होत नाही. वजन कमी करणे ही वाहतुकीची गरज आहे, ती कलाकृतीची नाही. हा भेद जोवर पाळला जाईल तोवर संकोचन हे हलत्या चित्राला अधिक लोकांपर्यंत नेणारे साधन राहील, आणि तो भेद पाळण्याची जबाबदारी फाइलप्रकार रचणाऱ्या तंत्रज्ञांइतकीच चित्र घडवणाऱ्यांचीही आहे.